येशूला पडद्यावर दाखवणं एवढं अवघड का?

१९५९ सालच्या ‘बेन-हर’मध्ये एक प्रसंग आहे. साखळदंडांनी जखडलेल्या कैद्यांना रणरणत्या उन्हातून पायी नेलं जातंय. नासरेथ गावातल्या विहिरीपाशी तांडा थांबतो. बाकीच्यांना पाणी मिळतं, पण चित्रपटाच्या नायकाला, ज्यूडा बेन-हरला, पाणी द्यायचं नाही असा रोमन अधिकाऱ्याचा हुकूम आहे. तो जमिनीवर कोसळतो, देवाचा धावा करतो, आणि कुणाचा तरी हात येऊन त्याच्या तोंडाला पाणी लावतो. अधिकारी ओरडत पुढे येतो. पाणी पाजणारा माणूस शांतपणे उठून उभा राहतो. आपल्याला दिसते ती फक्त त्याची पाठ आणि खांद्यावर रुळणारे केस. समोर तो अधिकारी. आधी संतापलेला, मग गोंधळलेला. तो नजर चुकवतो, पुन्हा एकदा वर बघतो, आणि हातातलं काम विसरल्यासारखा मागे सरतो.

पाणी पाजणारा माणूस म्हणजे येशू. साडेतीन तासांच्या या चित्रपटात त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही. ती भूमिका करणारा क्लॉड हीटर हा ऑपेरा गायक होता, आणि श्रेयनामावलीत त्याचं नावही नव्हतं. दिग्दर्शक विल्यम वायलरने येशूकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवला आणि बाकीचं आपल्यावर सोडलं. मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिलाय. येशूवरच्या अनेक भव्य चित्रपटांना जे साधलं नाही ते या मिनिटभरात साधलंय असं मला दर वेळी वाटतं.

पण प्रश्न उरतोच. चेहरा लपवायची वेळ का यावी? जगात ज्याची चित्रं सर्वांत जास्त काढली गेली अशा मोजक्या माणसांपैकी हा एक. घराघरांत, चर्चच्या भिंतींवर, पुस्तकांत तो आहेच. मग पडद्यावर आला की एवढं काय होतं?

अडचण सुरू होते ती मूळ ग्रंथापासून. येशूची गोष्ट आपल्याला कळते ती मुख्यतः बायबलमधल्या चार शुभवर्तमानांतून, म्हणजे त्याचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांतून: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. तो काय बोलला, कुठे गेला, कुणाबरोबर जेवला, कुणावर चिडला, हे सगळं त्यांत आहे. पण तो दिसायला कसा होता, उंच की ठेंगणा, गोरा की सावळा, आवाज खर्जातला की पातळ, यावर चौघांपैकी एकानेही एक ओळ लिहिलेली नाही. लूक एवढंच सांगतो की त्याने कार्याला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. तो रडला असं योहानाने लिहिलंय. तो हसला असं कुठेच नाही.

त्याच्या बोलण्याचा सूरही कुणी टिपलेला नाही. काना गावच्या लग्नाचा प्रसंग घ्या. लग्नघरी द्राक्षारस संपतो, येशूची आई मरीया त्याला तसं सांगते, आणि तो उत्तर देतो ते साधारण असं: बाई, याच्याशी तुझा-माझा काय संबंध? माझी वेळ अजून आलेली नाही. हे वाक्य वाचताना आपण पुढे जाऊ शकतो. नटाला तसं करता येत नाही. तो हे आईवर डाफरून म्हणेल, की हसत, लाडाने, की पुढे काय वाढून ठेवलंय ते कळल्यामुळे जड आवाजात? शब्द तेच, पण तीन सुरांत तीन वेगळे येशू उभे राहतात. लेखकाला मौन पाळता येतं, चित्रकाराला एका क्षणापुरतं बोलावं लागतं, आणि कॅमेऱ्याला मात्र मोघम राहताच येत नाही. नाक, डोळे, त्वचेचा रंग, उच्चार, पापणीची उघडझाप, सगळ्याचं उत्तर त्याला द्यावं लागतं, आणि त्यातलं एकही उत्तर ग्रंथात नाही.

मग डोळ्यांसमोर येतो तो चेहरा कुठला? सीरियातल्या दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकातलं एक प्रार्थनाघर सापडलं. त्याच्या भिंतीवर येशू एका पक्षाघाती माणसाला बरं करतोय. हे येशूच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक, आणि त्यात त्याला दाढी नाही, केसही आखूड आहेत. रोमच्या भुयारी दफनभूमीत तो खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण मेंढपाळ आहे. लांब केस आणि दाढी रूढ झाली ती नंतर, आणि त्यात ग्रीक-रोमन देवतांच्या मूर्तींचा बराच हात असावा असं अनेक अभ्यासक मानतात. गंमत अशी की येशूनंतर थोड्याच वर्षांनी पौल हा धर्मप्रचारक करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की पुरुषाने केस लांब ठेवणं लाजिरवाणं आहे. येशू तसाच दिसत असता, तर पौलाने हे वाक्य इतक्या सहज लिहिलं असतं का?

या जुन्या चित्रांमधलं एक मात्र सिनेमावाल्यांनी समोर ठेवावं असं आहे. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीन मठात सहाव्या शतकातलं येशूचं एक पवित्र चित्र आहे. त्याच्या चेहऱ्याचे दोन भाग एकसारखे नाहीत. एक बाजू शांत, मायाळू. दुसरी कठोर, भुवई चढलेली, डोळा मोठा. हात ठेवून आळीपाळीने एकेक बाजू झाकून पाहिली तर दोन वेगळी माणसं दिसतात. अनेक जण यात येशूच्या दोन स्वरूपांची खूण पाहतात, मानवी आणि दैवी.

इथे थोडं धर्मशास्त्र समजून घ्यायला हवं, कारण पडद्यावरचे बहुतेक वाद त्यातूनच निघतात. सन ४५१ मध्ये खाल्केदोन इथे भरलेल्या धर्मपरिषदेने ठरवलं की येशू पूर्णपणे देव आहे आणि पूर्णपणे माणूसही आहे. अर्धा हा आणि अर्धा तो असं नाही. दोन्ही पूर्ण, एकाच व्यक्तीत. वाक्य म्हणून हे म्हणता येतं. पण ते वठवायचं कसं? अभिनय म्हणजे आतली घालमेल बाहेर आणणं. पुढचं सगळं ज्याला ठाऊक आहे त्याची घालमेल कसली? देवाकडे झुकलं तर नट पुतळा होतो, माणसाकडे झुकलं तर श्रद्धावान म्हणतात, हा आमचा प्रभू नव्हे. येशूवरचा प्रत्येक चित्रपट या दोन टोकांमध्ये कुठे तरी उभा आहे, आणि तो कुठे उभा आहे हे एकदा ओळखता आलं की त्यातल्या बाकीच्या निवडींचा अर्थ आपोआप लागतो.

सिनेमा जन्मला १८९५ मध्ये, आणि दोनच वर्षांत येशू पडद्यावर आला. सुरुवातीचे चित्रपट म्हणजे चर्चच्या परंपरेतली दुःखसहनाची, म्हणजे येशूच्या छळाची आणि मरणाची, नाटकं किंवा चित्रमालिका, कॅमेऱ्यासमोर मांडलेल्या. युरोपात अशी नाटकं शतकानुशतकं होत आली होती. जर्मनीतल्या ओबरामरगाऊ गावात तर १६३४ पासून. त्यामुळे प्रेक्षकाला गोष्ट पाठ असायची. १९०६ मध्ये फ्रान्सच्या आलिस गी या दिग्दर्शिकेने पंचवीस दृश्यांत येशूचं जीवन मांडलं, त्या काळाच्या मानाने मोठाच पसारा. १९१२ मध्ये सिडनी ऑलकॉटने ‘फ्रॉम द मँजर टु द क्रॉस’साठी थेट इजिप्त आणि पॅलेस्टाइन गाठलं. याच काळात दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कृष्ण आणि राम हलू लागले, त्यातून पुढे भारतीय चित्रपट उभा राहिला. एका धर्माचा देव पडद्यावर चालताना पाहून दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपले देव दिसावेत, ही या माध्यमाची ताकद मला फार मोठी वाटते.

ती ताकद ब्रिटिश सेन्सॉरनेही ओळखली, फक्त उलट्या बाजूने. १९१३ मध्ये ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने काम सुरू केलं तेव्हा त्याच्याकडे ठाम नियम दोनच होते: पडद्यावर नग्नता नको आणि ख्रिस्ताची व्यक्तिरेखा नको. रंगभूमीवर तर ही बंदी १९६८ पर्यंत टिकली. रेडिओही सुटला नाही. १९४१ मध्ये बीबीसीसाठी डोरोथी सेअर्सने येशूच्या जीवनावर नाट्यमालिका लिहिली, त्यात माणसं रोजच्या इंग्रजीत बोलत होती, आणि प्रसारणाआधीच गदारोळ झाला. नुसता आवाजही लोकांना जास्त वाटला. कारण आवाज ऐकू आला की तो कुणाचा तरी असतो, विशिष्ट माणसाचा, विशिष्ट ठिकाणचा.

अमेरिकेत असा नियम नव्हता, तरी दडपण होतंच. १९२७ मध्ये सेसिल डिमिलने ‘द किंग ऑफ किंग्ज’ काढला. येशूचं पहिलं दर्शन त्याने कसं घडवलं ते पाहण्यासारखं आहे. एक आंधळी मुलगी येशूपुढे आणली जाते. पडदा काळा होतो, कारण आपण आता तिच्या डोळ्यांतून बघतोय. अंधारात उजेडाची रेघ येते, उजेड पसरतो, आणि त्यातून हळूहळू एक चेहरा घडतो. मुलीला आयुष्यात पहिल्यांदा जे दिसलं तेच आपल्यालाही पहिल्यांदा दिसतं. चमत्कार दाखवायचा म्हणजे काय, हे यापेक्षा नेमकं मला तरी कुठे सापडलेलं नाही. येशूची भूमिका करणारा एच. बी. वॉर्नर पन्नाशी ओलांडलेला होता. चित्रीकरणाच्या काळात त्याला इतरांपासून वेगळं ठेवलं जाई, आणि पडद्याबाहेर त्याने भूमिकेला शोभणार नाही असं काही करू नये याची करारानेच काळजी घेतली होती. नटाच्या चेहऱ्यात आणि देवाच्या चेहऱ्यात प्रेक्षक फरक करणार नाहीत, हे डिमिलला पक्कं माहीत होतं.

बोलपट आल्यावर अडचण दुणावली. १९३५ च्या ‘गोल्गोथा’ या फ्रेंच चित्रपटात येशू बोलला, पण हॉलिवूड पुढची पंचवीस वर्षं त्याला पाठमोरा, लांबून किंवा नुसत्या हातापुरताच दाखवत राहिलं. ‘बेन-हर’मधली ती पाठ या परंपरेतली शेवटची आणि सर्वांत सुंदर. १९६१ मध्ये निकोलस रेच्या ‘किंग ऑफ किंग्ज’मध्ये जेफ्री हंटर समोर आला, निळ्याशार डोळ्यांचा. १९६५ मध्ये जॉर्ज स्टीव्हन्सने ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ अमेरिकेतल्या वाळवंटात उभा केला. त्याने स्वीडनचा माक्स फॉन सिडो निवडला, ते बरं केलं, कारण अमेरिकन प्रेक्षकाला तो फारसा ओळखीचा नव्हता. पण भोवती इतके प्रसिद्ध चेहरे गोळा केले की वधस्तंभापाशी वेस्टर्न चित्रपटांचा नायक जॉन वेन याच्या आवाजात ‘हा खरोखर देवाचा पुत्र होता’ ऐकू येतं आणि आपण गोल्गोथावरून, येशूला जिथे वधस्तंभावर दिलं त्या टेकडीवरून, उठून थेट वेस्टर्न सिनेमात जातो.

नेमकं त्याआधीच्या वर्षी, १९६४ मध्ये, इटलीत पिएर पाओलो पासोलिनीने अगदी वेगळी वाट धरली होती. पासोलिनी मार्क्सवादी, स्वतःला नास्तिक म्हणवणारा. त्याने ठरवलं की चार शुभवर्तमानांची सरमिसळ करायची नाही. मत्तयाचं शुभवर्तमान घ्यायचं आणि संवादांत मत्तयाचेच शब्द ठेवायचे. तो पॅलेस्टाइन पाहून आला, पण ती भूमी त्याला फार आधुनिक झालेली वाटली, म्हणून दक्षिण इटलीतल्या मातेरासारख्या गरीब, दगडी गावांत त्याने चित्रीकरण केलं. व्यावसायिक नट घेतले नाहीत. येशू झाला एन्रिके इराझोकी, एकोणीस वर्षांचा स्पॅनिश विद्यार्थी, जोडलेल्या भुवयांचा. म्हाताऱ्या मरीयेच्या भूमिकेत पासोलिनीने स्वतःच्या आईला उभं केलं. वधस्तंभाखाली ती कोसळते तेव्हा अभिनय कुठे संपतो ते सांगता येत नाही.

या चित्रपटातला येशू चालतो भराभर आणि बोलतो चालता चालता, मागे वळून, शिष्यांवर शब्द फेकत. मत्तयाचं लिखाणही तसंच आहे, प्रवचनामागून प्रवचन, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. श्रीमंतांवर, ढोंगी धर्मगुरूंवर तो कडाडतो तेव्हा हे शब्द दोन हजार वर्षांत किती गुळगुळीत झाले होते ते जाणवतं. पासोलिनीने हा चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केला, आणि पन्नास वर्षांनी व्हॅटिकनच्याच दैनिकाने त्याला येशूवरचा सर्वोत्तम चित्रपट म्हटलं. मला यात आश्चर्य वाटत नाही. पासोलिनीने ग्रंथातल्या मोकळ्या जागा भरल्या नाहीत, त्या मोकळ्याच ठेवल्या.

चारही शुभवर्तमानं एकत्र केली की काय होतं, हे समजायला येशूचे शेवटचे शब्द पाहा. वधस्तंभावरून तो सात वाक्यं बोलला असं परंपरा सांगते. पण ही सात कुठल्याही एका पुस्तकात नाहीत. मार्क आणि मत्तयात एकच आहे: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मग एक मोठी आरोळी, आणि प्राण जातो. लूकमध्ये तीन आहेत: मारणाऱ्यांना क्षमा, शेजारच्या गुन्हेगाराला सुखलोकाचं वचन, आणि शेवटी ‘हे बापा, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो’. योहानात आणखी वेगळी तीन: आईला शिष्याच्या हवाली करणं, ‘मला तहान लागली आहे’, आणि ‘पूर्ण झालं आहे’. मार्कचा येशू एकटा मरतो, लूकचा क्षमा करत, योहानाचा काम संपवून. हे तीन मृत्यू आहेत. चित्रपटाला एकच दाखवता येतो, म्हणून बहुतेक दिग्दर्शक सातही वाक्यं एकापाठोपाठ एक ठेवतात. त्यात कुणाचा अपमान होत नाही, पण मार्कच्या त्या एकाकी आरोळीची धार जाते, कारण लगेच मागून धीराचं वाक्य येतं.

जन्माच्या प्रसंगाचंही तेच. मेंढपाळ लूकमध्ये आहेत, पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयात, आणि ते तीन होते असं मत्तय म्हणत नाही. येशूच्या मागे जाणाऱ्या स्त्रियांपैकी मरीया मग्दालीया ही वेश्या होती हेही शुभवर्तमानांत नाही. ती समजूत पक्की झाली सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांच्या एका प्रवचनामुळे. डिमिलने तिला झेब्रे जोडलेल्या रथात बसवलं. एका स्त्रीवर चौदाशे वर्षं लागलेला हा डाग सिनेमाने आणखी घट्ट केला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१९७७ च्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’ या फ्रँको झेफिरेलीच्या मालिकेने अनेकांच्या मनातला येशू कायमचा ठरवून टाकला. रॉबर्ट पॉवेलची युक्ती साधी होती: पापणी शक्य तितकी लववायची नाही. तेवढ्याने समोरच्याला वाटतं की हा माणूस आपल्याला आरपार बघतोय. गाढ परिणाम आहे त्याचा. पण सहा तासांहून अधिक काळ पापणी न लवणारा माणूस आपल्यातला राहत नाही. सिनाईच्या चित्रातली एकच बाजू उरते.

दुसरी बाजू धरली मार्टिन स्कोर्सेसीने. १९८८ च्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ला आधार होता निकोस काझान्झाकिस या ग्रीक लेखकाच्या कादंबरीचा. हा चित्रपट शुभवर्तमानांवर आधारलेला नाही, असं सुरुवातीलाच पडद्यावर लिहिलेलं आहे. त्यातला येशू रोमनांसाठी वधस्तंभ बनवणारा सुतार आहे, देवाच्या हाकेला घाबरलेला. शेवटी वधस्तंभावर असताना त्याला मोह दिसतो, बायको, मुलं, म्हातारपण, साध्या संसाराचा. यावरून निदर्शनं झाली, पॅरिसमध्ये चित्रपटगृहाला आग लावली गेली आणि प्रेक्षक होरपळले. ज्यांचं मन दुखावलं त्यांचं दुखणं खरं होतं, हे मी मानतो. पण तो मोह येशू नाकारतो आणि स्वतःहून वधस्तंभावर परत येतो, हा चित्रपटाचा शेवट चर्चेत फार थोड्यांनी धरला. आणि येशूला शंका, भीती होती हे तर ग्रंथातच आहे. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत तो हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख, टळावा म्हणून देवाला विनवतो. शेवटचा दिवस कधी येणार हे पुत्रालाही ठाऊक नाही असं मार्कमध्ये तो स्वतः म्हणतो. बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात लिहिलंय की तो सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, पण पाप न करता. मोह खरा नसेल तर त्यावरचा विजय तरी खरा कसा?

आता सगळ्यात नाजूक भाग. येशूला कुणी मारलं? वधस्तंभ ही रोमन शिक्षा होती आणि हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा होता. त्या काळच्या इतर लेखनात पिलात निर्दय म्हणूनच दिसतो. पण दुःखसहनाच्या नाटकांत तो अनेकदा हळवा, नाइलाजाने वागणारा होतो, आणि दोष यहुदी पुरोहितांवर, तिथून सगळ्या यहुदी लोकांवर सरकतो. युरोपात अशा सादरीकरणांनंतर यहुद्यांवर हल्ले झाल्याचा इतिहास आहे. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केलं की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. म्हणून पडद्यावर यहुदी प्रमुख पुरोहित कयफा कसा दिसतो, जमाव कुठल्या कपड्यांत आहे, पिलाताच्या डोळ्यांत पाणी आहे का, या गोष्टी नुसत्या सजावटीच्या नाहीत.

मेल गिब्सनच्या २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ने हा वाद पुन्हा पेटवला. मत्तयात जमावाच्या तोंडी एक वाक्य आहे: त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो. शतकानुशतकं याच वाक्याचा यहुद्यांविरुद्ध हत्यारासारखा वापर झाला. टीका झाल्यावर गिब्सनने त्याचं सबटायटल काढलं, पण अरामी भाषेतला संवाद तसाच ठेवला. ज्याला भाषा कळते त्याला ऐकू येतं, बाकीच्यांना नाही.

तो चित्रपट अरामी, हिब्रू आणि लॅटिनमध्ये आहे, आणि अस्सलपणाचा मोठा दावा त्यावर उभा राहिला. पण त्या भागातल्या रोमन शिपायांची रोजची भाषा बहुधा ग्रीक होती, आणि ग्रीक या चित्रपटात नाही. आणखी एक बारीक गोष्ट: त्यात दोन गुन्हेगार फक्त आडवं लाकूड वाहतात, रोमन पद्धतीला धरून, आणि येशू मात्र संपूर्ण क्रूस वाहतो, कारण चित्रकलेने आपल्या डोळ्यांना तीच सवय लावली आहे. एकाच चौकटीत इतिहास आणि भक्तिचित्र शेजारी-शेजारी चालतात. सुमारे ३ कोटी डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात ६० कोटींहून अधिक डॉलर मिळवले. त्यातली मारहाण मला सोसवत नाही, आणि खरं सांगायचं तर ती पाहताना मी येशूकडे कमी आणि जखमांकडे जास्त बघत होतो. शुभवर्तमानांत फटके मारण्याचा उल्लेख जेमतेम एका वाक्याचा आहे.

रंगाचं काय? विसाव्या शतकात वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराच्या १९४० च्या चित्राच्या ५० कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या, त्यातला येशू उजळ, मऊ केसांचा. सिनेमा त्याच वाटेने गेला. २००१ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटासाठी रिचर्ड नीव्ह यांनी पहिल्या शतकातल्या त्या प्रदेशातल्या एका कवटीवरून चेहरा घडवला: रुंद, सावळा, आखूड कुरळे केस, आखूड दाढी. हा येशूचा चेहरा नव्हता, पण त्याच्या शेजारीपाजारी असे कुणी असू शकले असते. त्यानंतर निळे डोळे दाखवणं अवघड झालं. गिब्सनने नट जिम कॅव्हिझेलचे निळे डोळे संगणकावर तपकिरी केले. २००६ च्या ‘सन ऑफ मॅन’ने गोष्टच आजच्या आफ्रिकेत नेली, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, लष्करी राजवटीखाली. इतिहासाच्या दृष्टीने तो चित्रपट दूर गेला, पण गरिबांच्या मधोमध उभा असलेला, सत्तेला नकोसा झालेला येशू त्यात लख्ख दिसतो.

सध्या ज्याची सर्वांत जास्त चर्चा असते ती ‘द चोझन’ ही मालिका, पहिला भाग २०१९ चा, लोकवर्गणीतून उभी राहिलेली. मालिकेकडे वेळ असतो. चित्रपटाला दोन तासांत जन्म ते पुनरुत्थान गाठायचं असतं. इथे जोनाथन रूमीचा येशू लहान मुलांशी गप्पा मारतो, लग्नात हसतो, दमतो. पर्वतावरच्या प्रवचनाची तो आधी तयारी करतो, मत्तय शेजारी बसून लिहून घेतो. असा प्रसंग ग्रंथात नाही आणि काहींना तो खटकतो. मला तो प्रिय आहे. शब्द शोधणारा येशू कमी दैवी होतो असं मला वाटत नाही.

राहिलं पुनरुत्थान. इथे तर चारही लेखकांनी हात आखडता घेतलाय. येशू कबरेतून उठला तो क्षण कुणीही वर्णन केलेला नाही. सकाळी स्त्रिया येतात तेव्हा कबर रिकामी असते. मार्कच्या जुन्यांत जुन्या प्रतींमध्ये तर त्या घाबरून पळतात आणि तिथेच पुस्तक संपतं. मग कॅमेरा कुठे ठेवायचा? गिब्सनने तो कबरेच्या आत नेला, कफन आपोआप खाली बसताना दाखवलं. पासोलिनी बाहेर थांबला.

नॉर्मन ज्युइसनच्या १९७३ च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये पुनरुत्थानाचा प्रसंगच नाही. सुरुवातीला बसने वाळवंटात आलेली नटमंडळी शेवटी पुन्हा बसमध्ये चढतात. येशूला दगा देणारा शिष्य यहूदा, त्याचं काम करणारा कार्ल अँडरसन दारात थांबून मागे बघतो. येशूचं काम करणारा टेड नीली त्यांच्यात नाही. बस निघते, मावळत्या सूर्यासमोर रिकामा क्रूस उभा असतो, आणि त्याच्याखालून कुणी मेंढपाळ आपला कळप घेऊन जाताना दिसतो. तो तिथे येणार हे ठरवलेलं नव्हतं, चित्रीकरण चालू असताना तो आपसूक चौकटीत आला, असं ज्युइसन सांगत असत. उजेड मागून असल्यामुळे त्याचा चेहरा दिसत नाही.